अँबॅसेडरचा गिअरबॉक्स: घरी उघडायचा की ट्रान्सपोर्ट नगरला न्यायचा?

प्रश्न असा आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका तरुणाकडे आजोबांची अँबॅसेडर आहे, 1996ची, 1800 आयएसझेड, पेट्रोल. वर्षभरापासून दुसरा गिअर टाकताना कर्रर्र वाजतं. भेरू घाट उतरताना तिसरा आपोआप सुटतो. आणि गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये असला की खालून घरघर येते. क्लच दाबला की ती थांबते. ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका मिस्त्रीनं गाडीला हातही न लावता सांगितलं, ‘‘बाईस हजार, सामान अलग.’’ तरुण स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहे, घरी पान्यांचा चांगला सेट आहे, पोर्च मोकळा आहे. तो विचारतो, ‘‘काका, मीच उघडू का? की देऊन टाकू?’’

उघडा. पण या रविवारी नाही, आणि सगळाच्या सगळा नाही.

मी अकरा वर्षं पीथमपूरला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली, पहाटे रामबागेतून कंपनीची बस पकडून. पुढे वीसेक वर्षं गिअरबॉक्स दुरुस्तीचं स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवलं. माझ्या बाकावर आलेल्या गिअरबॉक्सपैकी निम्मे तरी आधी कुणीतरी उघडून घाईत बंद केलेले असायचे. म्हणून ‘मीच उघडू का’ असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, बंद कोण करणार?

तुमची गाडी तशी आपल्याच भागातली म्हणायला हवी. अँबॅसेडर बंगालात उत्तरपाड्याला बनायची, 2014 साली तिथलं काम थांबलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आयएसझेडचं 1817 सीसीचं इंजिन मूळ इसुझूचं, आणि हिंदुस्तान मोटर्सनं इसुझूशी हात मिळवून ही इंजिनं आणि गिअरबॉक्स बनवायचा कारखाना घातला तो पीथमपूरला. इंदूरच्या जुन्या मिस्त्रींना हे सामान अनोळखी नाही. कोल्हापूर-सोलापूरकडच्या आयएसझेडवाल्यांपेक्षा तुम्ही या बाबतीत सुखी आहात.

तर आता आधी अर्धा दिवस द्या, गिअरबॉक्सचा एकही बोल्ट न सोडता. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी एकाच रोगाच्या आहेत असं धरून चालू नका. मिस्त्रीनं ते धरलं, म्हणून त्याचा आकडा इतका झटकन आला.

दुसऱ्या गिअरची करकर. ही सिंक्रोची, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन भागांचे वेग सारखे करणाऱ्या पितळी रिंगेची असू शकते, किंवा क्लच पूर्ण सुटत नसल्यामुळेही असू शकते. परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम करा, गाडी सपाट जागी उभी करा, क्लच तळापर्यंत दाबून मनात पाचपर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट थांबला नसेल तर तो लगेच ओरडतो. पाच मोजूनही रिव्हर्स ओरडला तर दोष क्लचकडे आहे: स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबानं क्लच ढकलणारा) गळत असेल, लाइनमध्ये हवा असेल, नाहीतर प्लेट चिकटत असेल. अशा दोषावर गिअरबॉक्स उतरवून नव्या पितळी रिंगा टाकल्या तर त्या सहा महिन्यांत जुन्यांच्या वाटेनं जातात. रिव्हर्स शांतपणे पडला आणि दुसराच तेवढा वाजतो, तर मात्र सिंक्रो.

तिसरा सुटणं. घाट उतरताना, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावर सुटतो की चढताना? उतरताना म्हणताय. मग सपाट रस्त्यावर तिसऱ्यात असताना ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा करा आणि हात गिअरच्या दांड्यावर नुसता ठेवा. दांडा प्रत्येक वेळी पुढे-मागे हलत असेल तर खाली वाकून गिअरबॉक्सचं मागचं माउंटिंग रबर पाहा. ते तेलानं फुगलेलं, फाटलेलं असलं तर इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून झुलतात आणि गिअर ओढून काढतात. काही शेकड्यांचं रबर बदलून हा त्रास गेल्याची उदाहरणं माझ्याकडे भरपूर आहेत, आणि त्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडे कितीचा आकडा ऐकला होता तेही मला आठवतं. रबर ठणठणीत असेल तर आत डॉग टीथ, म्हणजे गिअर पकडून ठेवणारे छोटे दात, गोल झालेत, त्यांच्यावर स्लीव्ह सरकवणारा फोर्क झिजलाय, किंवा फोर्कची सळई, म्हणजे रेल, धरून ठेवणारी छर्रा-स्प्रिंग मेली आहे.

घरघर. क्लच सोडला की इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट फिरतो आणि त्याच्यामुळे त्याला समांतर असलेला ले शाफ्ट फिरतो. क्लच दाबला की दोन्ही थांबतात. म्हणजे तुमची घरघर या दोघांपैकी एकाच्या बेरिंगची आहे. (उलट असतं, क्लच दाबल्यावर आवाज येत असता, तर रिलीज बेरिंग म्हटलं असतं.) ही तक्रार मात्र बाहेरून बरी होणारी नाही. तिन्हीतली हीच एक नक्की गिअरबॉक्स उतरवायला लावणार, आणि तीच पुढे ढकलू नये अशी आहे. बेरिंग ढिलं झालं की शाफ्ट तिरपा चालतो, आणि तिरपा शाफ्ट चांगले दातही खाऊन टाकतो.

मग तेल काढा, गाडी चालवून आल्यावर, गरम असताना. चहाच्या जुन्या गाळणीत पांढरं मलमल घालून त्यातून गाळा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरची करडी पेस्ट ही नेहमीची झीज, तिला घाबरू नका. सोनेरी चमक दिसली तर ती पितळी रिंगांची. सुईसारखे किंवा पापुद्र्यासारखे पोलादी तुकडे दिसले तर बेरिंगचा किंवा दाताचा पृष्ठभाग सुटायला लागला आहे. हे फडकं वाळवून कागदाच्या पुडीत जपून ठेवा, मिस्त्रीशी बोलताना उपयोगी पडतं.

तेलावरून एक विषयांतर. आपल्याकडे ‘नव्वद नंबर’ म्हणून जे मिळेल ते गिअरबॉक्समध्येही आणि हौसिंगमध्येही (मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमध्ये) ओततात. डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना जीएल-5 दर्जाचं तेल हवं. पण त्यातली गंधक-फॉस्फरसची जहाल द्रव्यं पितळाला खाऊ शकतात, आणि ते इतकं निसरडं असतं की सिंक्रो रिंगेला घर्षणच मिळत नाही. रिंगेचं काम म्हणजे घसटून दोन वेग सारखे करणं. ती घसरतच राहिली तर करकर होणारच. पितळी रिंगांच्या जुन्या गिअरबॉक्सला साधारणपणे जीएल-4, आणि त्याहून नेमकं म्हणजे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं. काही जपानी घराण्याच्या गिअरबॉक्सना तर चक्क इंजिन ऑइल लागतं, आणि हे सांगितल्यावर मिस्त्री माझ्याकडे वेड्यासारखे बघायचे. तुमच्या गाडीत गेल्या दहा वर्षांत काय ओतलं गेलं ते कुणालाच माहीत नसणार. योग्य तेल भरून तीनशे किलोमीटर चालवा आणि दुसऱ्या गिअरचा आवाज पुन्हा ऐका.

एवढं करून घरघर तर राहणारच, म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागणारच. आता तुमचा खरा प्रश्न.

लोक याचं उत्तर हिमतीवर देतात, किंवा पैशावर. मी एकच गोष्ट बघतो: या कामात चूक झाली तर ती कळते कधी? गाडी सुरू करायच्या आधी, बाकावरच कळत असेल तर काम घरी करा, दहा वेळा चुकलं तरी चालेल. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर कळत असेल तर ते त्याच्याकडे द्या ज्यानं ती चूक पूर्वी करून निस्तरलेली आहे. गिअरबॉक्सचं ‘ओव्हरहॉल’ हे एक काम नाहीच. ती पंधरा-वीस कामं आहेत, आणि ती या प्रश्नावर दोन बाजूंना पडतात.

उतरवणं घरचं. प्रोपेलर शाफ्ट सोडताना फ्लँजवर पंचनं खूण करा, म्हणजे तो पुन्हा त्याच जागी बसेल. स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्स लाइटची वायर आधी काढा. सगळे विसरतात, मीही विसरलो आहे. गाडी चारही बाजूंनी पक्क्या घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घ्या. विटा नकोत, लाकडाचे ओंडके नकोत, नुसता जॅक तर अजिबात नको. गिअरबॉक्स तीसेक किलोचा असतो आणि तो छातीवर घेऊन उतरवायचा प्रकार मी तरुणपणी केला आहे, तुम्ही करू नका. ट्रॉली जॅकवर फळी बांधा आणि एक मित्र बोलवा. एक गोष्ट मात्र काटेकोर: गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटच्या बुशात, क्षणभरही लटकू द्यायचं नाही. प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग नव्या गिअरबॉक्समध्येही क्लच ओढत राहतो.

धुणं आणि उघडणं हेही घरचं. उलट मी म्हणेन, उघडणं घरीच व्हायला हवं. गिअरबॉक्सचं खरं दुखणं झाकण उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात दिसतं, आणि त्या अर्ध्या तासाला मालक हजर नसतो म्हणून पुढचं सगळं बिल अंधारात होतं. प्रत्येक भाग निघेल त्या क्रमानं मोठ्या पुठ्ठ्यावर मांडा, पुठ्ठ्यावर नंबर लिहा, फोटो काढा. छर्रे आणि स्प्रिंगा काढताना वरून हात धरा. एक उडाला की पोर्चमधून थेट शेजाऱ्यांच्या कुंडीत. स्लीव्ह आणि हब वेगळे करण्याआधी त्यांच्यावर खूण करा. पितळी रिंगा एकमेकींत मिसळू देऊ नका, प्रत्येक रिंग आपापल्या कोनाबरोबर, म्हणजे गिअरवरच्या निमुळत्या बैठकीबरोबर, झिजलेली असते.

मापं घरची. रिंग तिच्या कोनावर हातानं दाबून बसवा आणि दातांच्या मधल्या फटीत फीलर गेज (पातळ पात्यांचं माप) घाला. जपानी वळणाच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये नव्या रिंगेला ही फट मिलिमीटरभर किंवा थोडी जास्त असते. अर्ध्यापर्यंत आली की रिंग संपली. तुमच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच धरा. डॉग टीथची टोकं भिंगातून पाहा, नव्या दाताला छपरासारखी धार असते, मेलेल्या दाताला बोटाच्या टोकासारखी गोलाई. फोर्क आणि स्लीव्हच्या खाचेतलं अंतर मोजा. हे सगळं वहीत लिहून काढायला दोन तास लागतात. वर्कशॉपमध्ये हे दोन तास कुणी देत नाही, आणि इथे तुमच्यासारखा हौशी माणूस मिस्त्रीपेक्षा सरस ठरतो.

पण यापुढे बेरिंग येतं, आणि इथे मी तुम्हाला थांबवतो.

बेरिंग शाफ्टवर बसतं ते आवळून. जी रिंग आवळून बसते तिच्यावरच दाब द्यायचा, हा साधा नियम. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगेवर. घरी प्रेस नसते, मग माणूस पाइपचा तुकडा घेतो, हातोडी घेतो, पाइप जरा मोठा निघतो आणि बाहेरच्या रिंगेवर बसतो. आता प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो. गोळ्या रिंगेच्या वाटेवर बारीक खळगे पाडतात, डोळ्यांना न दिसणारे. बेरिंग फिरवून पाहिलं तर गुळगुळीत. गाडीही पहिले काही दिवस छान. दोनेक हजार किलोमीटरनंतर तीच घरघर परत येते आणि माणूस म्हणतो, बेरिंग नकली निघालं. नकली निघतातही, नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत भरून; म्हणून सियागंजातून घ्यायचं तर अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलानं, जुन्या बेरिंगवरचा नंबर अक्षर-न्-अक्षर जुळवून. नंबरामागे सी-3 लिहिलं असेल तर तेही जुळायला हवं, तो आतल्या सैलपणाचा अंक आहे. पण मी पाहिलेल्या अकाली मेलेल्या बेरिंगांत खोक्यापेक्षा हातोडीचा दोष जास्त होता.

ही चूक उशिरा कळणारी आहे. म्हणून मेन शाफ्ट आणि ले शाफ्ट बास्केटमध्ये कापडात गुंडाळून प्रेस असलेल्याकडे घेऊन जा. जुनं काढणं आणि नवं बसवणं मिळून तासाभराचं काम आहे, मजुरी किरकोळ. चांगला कारागीर नवं बेरिंग तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवतो आणि ते शाफ्टवर हातानं सरकवतो, प्रेसचा उपयोग फक्त काढताना होतो. गॅसच्या ज्योतीवर बेरिंग धरणारा दिसला तर शाफ्ट उचला आणि निघा.

बेरिंगाबरोबर शाफ्टचा आडवा खेळही त्याच्याकडूनच बसवून घ्या. सर्क्लिप, ज्याला आपले मिस्त्री नुसतं ‘लॉक’ म्हणतात, ती वेगवेगळ्या जाडीत येते आणि जाडी निवडूनच हा खेळ ठरतो. जुनीच लॉक परत टाकणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग पडणारी बचत.

दात तुटलेला किंवा डॉग टीथ मेलेला गिअर निघाला, तर त्यावर कुणी ग्राइंडर फिरवून ‘धार काढून देतो’ म्हणालं की नाही म्हणा. गिअरचं पोलाद आतून चिवट आणि वरून कडक ठेवतात. आमच्या कारखान्यात दात कापून झाले की नऊशे अंशांच्या वर भट्टीत कार्बन मुरवत तासन्‌तास ठेवायचो, मग तेलात बुडवायचो. एवढा खटाटोप करून जो कडक थर मिळतो तो मोटारीच्या गिअरला जेमतेम मिलिमीटरभर, बऱ्याचदा त्याहून कमी. ग्राइंडरनं पहिल्याच फेरीत तो थर निघून जातो. खाली उरतं ते मऊ पोलाद, ते तिसरा गिअर चार महिने धरतं आणि मग आधीपेक्षा वाईट सुटतं. वेल्डिंगनं दात भरणारेही आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. गिअर बदलायचा तर त्याचा जोडीदारही बदला. एकमेकांवर झिजलेले दात नवरा-बायकोसारखे असतात, एकाच्या जागी नवा आणला तर दुसरा कुरकुरणार.

पुन्हा जोडणं कुणी करायचं? यावर माझं मत बदललेलं आहे. पूर्वी मी म्हणायचो, कारागिरानंच. आता म्हणतो, तुम्ही करा, कारण इथली चूक बाकावरच पकडता येते. स्लीव्ह उलटी बसली, सिंक्रोची चावी (‘की’) निसटली, स्प्रिंगचं टोक चुकीच्या खाचेत गेलं, तर गिअर हातानं पडतच नाही. एकच जागा खरी धोक्याची: रेलांच्या मधली इंटरलॉकची पिन. ती बसवायची राहिली तरी प्रत्येक गिअर मस्त पडतो, म्हणून माणूस खूश होतो. पण ती नसली तर एका वेळी दोन गिअर पडू शकतात, आणि चालत्या गाडीत तसं झालं तर गिअरबॉक्स जागच्या जागी जाम. तेव्हा झाकण लावण्याआधी एक गिअर टाकून ठेवा आणि दुसऱ्या रेलला मुद्दाम ढकलून पाहा. ती हलता कामा नये. मग प्रत्येक गिअरमध्ये मागचा शाफ्ट एकदा फिरायला इनपुट शाफ्ट हातानं किती वेळा फिरवावा लागतो ते मोजा. चौथा एकास एक असतो, तिथून खाली आकडे वाढत जायला हवेत.

गिअरबॉक्स परत चढवताना तो शेवटचा इंचभर सरकला नाही तर बोल्ट आवळून ओढू नका. ज्यांचे केसिंगचे कान तुटलेले मी पाहिले ते सगळे इथेच तुटले होते. क्लच प्लेट मधोमध नाही एवढाच त्याचा अर्थ. परत उतरवा, जुना इनपुट शाफ्ट किंवा लेथवर करून घेतलेला लाकडी दांडा घालून प्लेट केंद्रात आणा. गिअरबॉक्स बाहेर असतानाच रिलीज बेरिंग, पायलट बेरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून टाका. क्लच प्लेट अर्धी झिजलेली असेल तर तीही. पुन्हा तीस किलो छातीवर घेण्यापेक्षा हे परवडतं.

आता पैसे. तुम्ही बावीस हजार विरुद्ध शून्य अशी तुलना करताय असं दिसतं. सामान दोन्हीकडे सारखंच लागणार. घरी करायचं तर सर्क्लिपची पक्कड, पुलर, घोड्या, टॉर्क रेंच, फीलर गेज, जमलं तर मॅग्नेटिक बेससकट डायल गेज. नव्यानं घ्यायची ठरवली तर यात आठ-दहा हजार सहज जातात. पहिल्या गिअरबॉक्सला तुम्ही काही वाचवणार नाही. हत्यारं उरतील, एवढंच. वेळेचं म्हणाल तर दोन रविवार म्हणणाऱ्याला दोन महिने लागतात, कारण एखादी रिंग किंवा लॉक मिळेपर्यंत सगळं पुठ्ठ्यावर पडून राहतं. ही गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर हा सगळा बेत सोडा. आणि जूनच्या तोंडाशी उघड्या पोर्चमध्ये सुरू करू नका. पावसाची झड येते, मोकळ्या बेरिंगवर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात.

कबाड्याकडून ‘रनिंग कंडिशन’ गिअरबॉक्स आणून बदलायचा पर्याय कुणीतरी सुचवेलच. आणा, पण सुटे भाग काढायला. न उघडता बसवाल तर तुमचा ओळखीचा रोग देऊन अनोळखी रोग घरात घ्याल.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण गिअरबॉक्स नीट झाला की तुमच्यासारख्यांचा हात हमखास मागच्या हौसिंगकडे वळतो. क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातांची जोडी, घरी करू नका. माझी स्वतःची पद्मिनी होती. कारखान्यात गिअरमध्येच काम करणारा माणूस, म्हटलं, आपल्याला कोण शिकवणार. पिनियनचं बेरिंग बदललं, शिम (उंची जुळवायची पातळ चकती) जुनीच टाकली. नव्या बेरिंगची उंची केसभर वेगळी होती, त्यामुळे पिनियन तेवढाच आत गेला. वर्कशॉपच्या बाहेर फेरी मारली, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सहकुटुंब उज्जैनला निघालो. सांवेरच्या पुढे पन्नासच्या वेगाला मागून एक सूर लागला. सासरे मागे बसले होते, म्हणाले, ‘‘कुणी तंबोरा जुळवतंय का?’’ महाकालाचं दर्शन होईपर्यंत तो सूर, परत येताना तो सूर. मी पुढे दोन महिने दुर्लक्ष केलं, आणि जोडीचे दात कामातून गेले.

नवी जोडी घेऊन गेलो ते ट्रान्सपोर्ट नगरातल्या ट्रकच्या हौसिंगवाल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. शाळा पाहिलेली नव्हती त्यानं. दोन्ही भागांवर कोरलेला जोडीचा नंबर त्यानं आधी जुळवून घेतला. मग तेलात शेंदूर कालवला, चार दातांना लावला, क्राउनला हातानं रोखून धरत पिनियन फिरवला आणि दातावर उमटलेला ठसा मला दाखवला. टाचेकडे सरकलेला. शिम बदलली. परत शेंदूर. आता मुळाशी खोल. परत शिम. सहा वेळा उघडलं-जोडलं, तेव्हा कुठे ठसा दाताच्या मधोमध आला. मग दोघांमधली मोकळीक डायल गेजवर. मोटारींना ती साधारण 0.10 ते 0.20 मिलिमीटरमध्ये असते, त्यानं आधी अंगठ्यानं सांगितली आणि मग गेजनं तेच दाखवलं. सातव्या वेळी उघडायची वेळ आली असती तरी तो चिडला नसता. घरी माणूस तिसऱ्या वेळी ‘चलता है’ म्हणतो. मी म्हटलं होतं.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, माउंटिंगं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, हे खुशाल घरी करा. ऑटोमॅटिक, सीव्हीटी, डबल क्लच यांना हात लावू नका. एएमटीवाल्यांनी (क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या गाडीवाल्यांनी) क्लच बदलला तर स्कॅनरशिवाय गाडी बहुधा नीट चालत नाही, हे आधी लक्षात घ्या.

मिस्त्री निवडताना भाव शेवटी विचारा. आधी विचारा, जुनं सामान परत देणार का? ‘हो’ म्हणायला ज्याला क्षणभर थांबावं लागतं तिथून निघा. सामान मी आणलं तर चालेल का? बेरिंग कसं बसवता? तेल कुठलं टाकता? आणि त्याच्या बाकाकडे नीट बघा. बाकावर कापड असेल, भाग झाकलेले असतील, छिन्नी-हातोडी दूर असेल, तर तो दोन हजार जास्त घेतो म्हणून कुरकुरू नका. जो म्हणतो, ‘‘साब, पहले चला के देखते हैं,’’ त्याच्या शेजारी बसून गाडी बायपासवर न्या. न चालवता बावीस हजार सांगणाऱ्याकडे मी माझी सायकलसुद्धा टाकणार नाही.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. या रविवारी तेल, माउंटिंग आणि क्लचची परीक्षा. तीनशे किलोमीटर. मग दसऱ्यानंतर, पाऊस उघडल्यावर, एका शनिवारी गिअरबॉक्स उतरवा, उघडा, मापं वहीत लिहा. दोन शाफ्ट आणि वही घेऊन प्रेसवाल्याकडे जा, त्याला वही दाखवा. माणूस बरा असेल तर तो तुम्हाला स्टूल देईल आणि तुम्ही न पाहिलेलं काहीतरी दाखवेल. बेरिंगं आणि लॉक तो बसवेल, बाकी तुम्ही जोडा. ज्या गिअरबद्दल शंका असेल तो घेऊन पोहे खायच्या वेळेला रामबागेत या, सकाळी मी घरीच असतो.

गाडी खाली आल्यावर पहिले पाचशे किलोमीटर हळू, मग तेल काढून पुन्हा त्याच मलमलातून गाळा. नंतर भेरू घाट तिसऱ्यात उतरा, रेडिओ बंद, काचा खाली, आणि हात दांड्यावर ठेवू नका.